गोळ्या दोन महिन्यांपासून ड्रॉवरमध्येच आहेत, घेऊ की नको?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): वय २८, लग्नाला वर्ष झालंय. तीन वर्षांपासून कपाळाचे दोन्ही कोपरे आत सरकतायत, आता भोवऱ्याच्या जागी कातडी दिसायला लागलीये, ते लिफ्टमधल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पहिल्यांदा लक्षात आलं. वडिलांचे केस साठीतही दाट, मामाला तिशीतच टक्कल. स्किनच्या डॉक्टरांनी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची गोळी रोज एक आणि मिनॉक्सिडिल ५ टक्के डोक्याला दिवसातून दोनदा लावायला लिहून दिलं. गोळ्या आणल्या, पण पाकीट फोडलं नाही, कारण त्या रात्री इंटरनेटवर वाचत बसलो. अर्धे लोक म्हणतात जादू आहे, अर्धे म्हणतात आयुष्य बरबाद झालं, सेक्स लाइफ संपली, गोळी सोडूनही परत आली नाही. मित्र तीन वर्षं घेतोय, त्याला काहीच झालं नाही. भाऊ म्हणतो वस्तरा फिरव आणि मोकळा हो. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही, एक-दोन वर्षांत मूल हवंय. शेवटची ओळ: "कॉलेजला असताना वर्षभर डिप्रेशनची ट्रीटमेंट घेतली होती, पण ते या डॉक्टरांना सांगितलं नाही, केसांशी त्याचा काय संबंध. दादा, एका शब्दात सांगा, घेऊ की नको?"

मित्रा,

एका शब्दात हवंय ना, मग घे: थांब. आता हे "थांब" म्हणजे कायमचं "नको" असं समजू नकोस, ते का ते सांगायला मला बाकीचं सगळं लिहावं लागणार आहे, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू सगळ्यात शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी लिहिलीयेस. तिच्याकडे येतोच.

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, मी टकल्या आहे. एकतिसाव्या वर्षी मीही मिनॉक्सिडिलची बाटली आणली होती, रोज सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने लावायचो, कपाळावरून ओघळून भुवईत जायचं ते पुसायचो, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बेसिनमध्ये बघतो तर पांढऱ्या भांड्याला बारीक बारीक केस चिकटलेले, स्वल्पविरामासारखे, मोजले तर चाळीसच्या पुढे गेले आणि मी मोजायचं सोडून बाटली कचऱ्यात टाकली. पुढे कळलं की मी अगदी चुकीच्या वेळी पळालो. ते औषध मुळात विश्रांतीत गेलेल्या केसांना ढकलून बाहेर काढतं आणि मुळाची वाढीची पुढची पाळी लवकर सुरू करतं, म्हणून पहिले काही आठवडे गळती वाढते आणि बहुतेकांची आपोआप थांबते. हे मला बाटली देणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तुला सांगतोय ते एवढ्यासाठी की औषध सुरू करण्याआधी काय काय होऊ शकतं हे माहीत असणं आणि रात्री दोन वाजता अंथरुणात पडून दुसऱ्यांच्या शोकांतिका वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं कर, दुसरं आजपासून बंद कर.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरलीयेस, की मामाला टक्कल म्हणजे माझं ठरलेलंच. अर्धं खरं आहे. पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं आणि तो आपल्याला आईकडून येतो, म्हणून मामाकडे बघायची पद्धत पडली, पण टकलाशी संबंधित जीन्स पुष्कळ आहेत आणि ती दोन्हीकडून येतात. म्हणजे मामाचं डोकं ही तुझी जन्मपत्रिका नाही. तरी तुझं वर्णन, कोपरे आणि भोवरा, तीन वर्षं हळूहळू, हे ठरलेल्या पॅटर्नचंच वाटतं आणि डॉक्टरांनी बघून तेच सांगितलंय, तेव्हा तिथे मी वाद घालत नाही. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मोठा ताप, ऑपरेशन, किंवा एकदम वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठ मूठ केस जातात, ते वेगळं प्रकरण, बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचं औषध वेगळं. खाज, खपल्या, जळजळ असेल तर आणखी वेगळं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं तर नॉर्मलच आहे. यातलं काय आहे हे ठरल्याशिवाय फिनास्टेराइडचा विचारही करू नका, ती एकाच प्रकारच्या टकलाची गोळी आहे.

आता ती गोळी करते काय. टेस्टोस्टेरॉनपासून शरीर एका एन्झाइमच्या मदतीने डीएचटी नावाचं जास्त कडक हार्मोन बनवतं, आणि ज्यांच्या कपाळावरच्या आणि भोवऱ्यावरच्या केसांची मुळं त्याला हळवी असतात, त्यांची मुळं दर पाळीला जरा आणखी बारीक होत जातात, केस आखूड, मऊ, फिकट, शेवटी दिसेनासे. गोळी ते एन्झाइम अडवते. ही कल्पना आली कुठून तर १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर एक संशोधन छापून आलं, त्यांच्यात काही मुलांना जन्मतःच हे एन्झाइम कमी असायचं, जन्मताना ती मुली समजून वाढवली जायची आणि वयात येताना मुलगे आहेत हे दिसायचं, आणि मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहायची आणि कपाळाचे कोपरे मागे सरकायचे नाहीत. त्यावरून औषध बनलं, १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅम प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅम केसांसाठी अमेरिकेत मान्य झालं. ही गोष्ट मला दोन कारणांनी आवडते. एक म्हणजे औषध हवेतून आलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे ज्या वाटेवर ही गोळी बसते ती वाट फक्त डोक्यावर जात नाही, हे त्या गोष्टीतच लिहिलेलं आहे. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्के उतरतं. केसांची गोळी आहे म्हणून फक्त केसांनाच कळेल, असं नसतं.

फायदा किती? १८ ते ४१ वयाच्या १५५३ पुरुषांवर जे मोठे ट्रायल झाले त्यात भोवऱ्याजवळ एक इंच व्यासाचा गोल आखून त्यातले केस चक्क मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते. दोन वर्षांनी गोळीवाले आणि डमी गोळीवाले (दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणारे) यांच्यात १३८ केसांचा फरक होता. गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी ८३ जणांचे केस होते तेवढेच राहिले किंवा वाढले, डमीवाल्यांत असे फक्त २८. हा फरक मोठा आहे रे, औषधांच्या दुनियेत इतकं स्वच्छ उत्तर नेहमी मिळत नाही. पण त्यातली गोम बघ. मुख्य कमाई "जे आहे ते टिकलं" ही आहे. जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोसारखं डोकं होणं हे थोड्यांचं नशीब. आणि हे आकडे भोवऱ्याचे आहेत, तुझे जे कोपरे आत गेलेत तिथे या गोळीने काही होतं हे तसं सिद्ध झालेलं नाही. आरशासमोर तू सकाळी जिथे बघतोस ना, नेमकी तीच जागा. हे आधी मनाला सांगून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी भोवरा भरलेला असेल आणि तू कोपऱ्यांकडे बघून "काही उपयोग नाही" म्हणशील.

तीन ते सहा महिने तर काही कळतच नाही, नीट निवाडा करायला वर्ष लागतं. आणि सोडलं तर साधारण वर्षभरात कमावलेलं परत जातं. लोक याला घाबरतात, "एकदा सुरू केलं की जन्मभर अडकलो", पण नीट बघ, सोडल्यावर तू तिथे पोचतोस जिथे न घेता पोचला असतास, त्याहून खाली नाही. अडकणं वगैरे मनाचं आहे. चष्म्याला कोणी अडकलो म्हणत नाही.

आता ज्यासाठी तू रात्री जागलास ते. ते आणि आणखी एक ट्रायल मिळून जो हिशेब झाला त्यात इच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण, वीर्य कमी येणं, यातलं काही ना काही गोळी घेणाऱ्या १०० जणांत ३.८ जणांना झालं. आणि डमी गोळी घेणाऱ्यांत २.१ जणांना. हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही बघ. म्हणजे ज्यांच्या पोटात औषधाचा कणही गेला नाही त्यांच्यातल्याही शंभरातल्या दोघांना त्रास झालाच, कारण माणसाचं हे खातं तसंही वरखाली होत असतं, झोप, टेन्शन, भांडण, ऑफिस, काहीही. गोळीमुळे झालेले जास्तीचे म्हणजे शंभरात दोनाच्या आत. तुझा मित्र त्या बाकीच्या अठ्ठ्याण्णवांतला आहे, आणि तू रात्री ज्यांचं वाचलंस त्यांच्यातले काही त्या दोघांतले. दोघंही खरं बोलतायत, फक्त ज्याला काहीच झालं नाही तो रात्री दोनला उठून लिहायला बसत नाही.

अजून एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे हसण्यासारखी नाही. २००७ साली प्रोस्टेटच्या पेशंटवर एक अभ्यास छापून आला, सगळ्यांना तीच ५ मिलिग्रॅमची फिनास्टेराइड, फक्त अर्ध्यांना आधी सांगितलं की सेक्सवर परिणाम होऊ शकतो आणि अर्ध्यांना नाही सांगितलं. न सांगितलेल्यांत १५.३ टक्क्यांना त्रास झाला, सांगितलेल्यांत ४३.६ टक्क्यांना. धास्तीनेच एवढा फरक. पण हा अभ्यास हातात धरून "सगळं मनाचे खेळ आहेत" म्हणणारे जे महाभाग असतात त्यांच्यावर माझा राग आहे, कारण एक तर ते १५.३ उरतातच, आणि दुसरं म्हणजे धास्तीने झालेला त्रास हाही त्रासच असतो, बेडरूममध्ये त्याची कमी-जास्त पावती मिळत नाही.

आणि गोळी सोडूनही त्रास राहिला, हे लोक जे म्हणतात ते थापा आहेत का? नाही. बहुतेकांचं सोडल्यावर पूर्ववत होतं, पण न होणाऱ्यांच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१२ मध्ये लेबलवर लिहायला लावलं की इच्छा, वीर्यपतन, ऑरगॅझम यांच्या तक्रारी गोळी बंद केल्यावरही चालू राहिल्याच्या नोंदी आहेत. ताठरतेबद्दलचं त्याच्याही आधी लेबलवर आलं होतं. हे किती जणांना होतं याचा पक्का आकडा नाही, कारण तक्रारींची नोंद ही मोजणी नसते, किती जणांनी घेतली आणि किती जणांनी लिहिलंच नाही हे त्यात येत नाही. तेव्हा हा धोका छोटा आहे, खरा आहे, आणि त्याला नेमका नंबर चिकटवून देणारा माणूस तुला काहीतरी विकतोय, एकतर गोळी नाहीतर भीती.

आता तुझी शेवटची ओळ. "केसांशी त्याचा काय संबंध."

संबंध आहे, मित्रा. २०२२ मध्ये एफडीएने या गोळीच्या लेबलवर आत्महत्येचे विचार आणि तसं वागणं याची नोंद घालायला लावली. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी सगळा डेटा पुन्हा तपासून सांगितलं की फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा हा एक साइड इफेक्ट आहे हे मान्य करावं लागेल, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. त्यांनी हेही सांगितलं की मान्य केलेल्या वापरासाठी फायदा अजूनही धोक्यापेक्षा जास्तच आहे, गोळी बाजारातून काढलेली नाही, पण १ मिलिग्रॅमच्या पाकिटात पेशंटसाठी एक कार्ड घालायचं ठरलं, की मूड बिघडला, उदास वाटायला लागलं, मरणाचे विचार आले तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. लाखो लोकांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधात अशा नोंदी शेकड्यांत आहेत, म्हणजे प्रमाण फार लहान आहे. पण तू त्या लाखोंतला सरासरी माणूस नाहीस. तुझं एक वर्ष या अंधारातून गेलंय, तुला तो रस्ता माहितीये, आणि जी गोष्ट इतरांसाठी बारीक अक्षरातली सूचना आहे ती तुझ्यासाठी प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न होती. डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, हो. तू सांगायला हवं होतंस, तेही हो. आपल्यापैकी कितीतरी जण केसांच्या डॉक्टरकडे जाऊन मनाचं बोलत नाही, आणि मनाच्या डॉक्टरकडे जाऊन केसांचं, जसं काही दोन वेगळी माणसं आहेत.

याचा अर्थ डिप्रेशन होऊन गेलेल्याने ही गोळी कधीच घेऊ नये असा नियम आहे का? तसा नाही. अर्थ एवढाच की हा निर्णय तू एकट्याने ड्रॉवर उघडून घ्यायचा नाहीस. स्किनवाल्यांना सांगायचं, ज्यांनी तेव्हा ट्रीटमेंट दिली त्यांना किंवा तसल्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं, आणि दोघं हो म्हणाले तरी घरात एका माणसाला माहीत असायला हवं की तू हे सुरू केलंयस, कारण मूड उतरताना ते सगळ्यात शेवटी आपल्याला स्वतःला कळतं. बायको आधी ओळखेल. "तू हल्ली बोलत नाहीस" हे वाक्य म्हणजे तुझी तपासणी समज. आणि कधीही, गोळीमुळे असो नसो, जगणं नको वाटायला लागलं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगणं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

बायकोला न सांगण्याचं कारण तू लिहिलेलं नाहीस पण मला अंदाज आहे, टक्कल पडतंय याची काळजी वाटते हे बोलायलाच लाज वाटते. तिने तो भोवरा तुझ्याआधी बघितलाय रे, ती तुझ्यापेक्षा तुझ्या डोक्याच्या मागे जास्त असते. आणि हा तिचाही प्रश्न आहे कारण तुम्हाला मूल हवंय. या गोळीने काहींचं वीर्य कमी येतं, काहींचं शुक्राणूंचं काउंट खाली जाऊन सोडल्यावर सुधारल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे प्रयत्न सुरू करायचे तेव्हा डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवायची का ते ठरवा, आणि आधीच काउंटची अडचण असेल तर ही गोळी घेतोय हे पहिल्यांदा सांगा. दिवस गेलेल्या किंवा जाऊ शकतील अशा बाईने फुटलेल्या, तुकडे केलेल्या गोळीला हात लावू नये, मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या गोळीवर कोटिंग असतं. म्हणून ते ५ मिलिग्रॅमची गोळी आणून चाकूने चार तुकडे करण्याचं जे शहाणपण मित्रमंडळींत चालतं, ते निदान तुमच्या घरात नको.

मग आत्ता काय करायचं? माझं मत विचारशील तर मिनॉक्सिडिल एकटं सुरू कर. दोन्ही एकदम सुरू केलं आणि काही बरं-वाईट झालं तर कशामुळे ते कळणार नाही, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे ते डीएचटीच्या वाटेला जात नाही, मूळ औषध ब्लड प्रेशरची गोळी, ती घेणाऱ्यांच्या हातावर-तोंडावर केस उगवायला लागले म्हणून कोणाला तरी सुचलं आणि १९८८ मध्ये डोक्याला लावायचं मान्य झालं. त्याचे त्रास बहुतेक कातडीचे, खाज, कोरडेपणा, आणि ती खाज कितीदा तरी औषधाची नसून त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकाची असते, फोममध्ये बहुधा ते नसतं म्हणून फोम बदलून बघता येतो. छातीत धडधड, चक्कर, पाय सुजणं असं झालं तर बंद करून दाखवायचं. हल्ली तेच औषध कमी डोसच्या गोळीतून देतात, ते काही घरच्या घरी करायचं नाही, धडधड आणि सूज तिथे जास्त आणि केस नको तिथेही येतात. लावल्यावर हात धू, उशीला लागू देऊ नकोस, आणि घरात मांजर असेल तर मात्र खरंच जप, मांजरासाठी ते विषारी आहे, तुझं डोकं किंवा उशी चाटली तरी जिवावर बेतू शकतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत गळती वाढली तर माझ्यासारखी बाटली फेकू नकोस.

आणि फोटो. महिन्यातून एकदाच, त्याच दिव्याखाली, केस कोरडे, त्याच अंतरावरून, कोपरे, मधला भांग आणि भोवरा असे तीन. रोज नाही. रोज बघणारा माणूस केस बघत नाही, स्वतःची मनःस्थिती बघतो. सोबत एक छोटी वही ठेव, झोप कशी, मूड कसा, इच्छा कशी, दहापैकी किती. गोळी सुरू करायची ठरलीच तर त्याआधीचा निदान एक महिना यात भरलेला हवा, कारण नंतर "आधी मी एकदम ओके होतो" असं प्रत्येकाला वाटतं. डमी गोळीवाले ते २.१ आठव. आधीचा पाच-सहा असेल आणि नंतरही पाच-सहा असेल तर तुला कागदावर दिसेल, आणि नऊचा चार झाला तर तेही दिसेल, मग कोणाशी वाद घालायची गरज नाही, थांबवायचं.

तुझ्या डोक्यात या निर्णयाचं फार मोठं ओझं झालंय कारण तू त्याला एकदाच उघडणारं दार समजतोयस. न घेणं हाही निर्णयच आहे आणि तो तू दोन महिने रोज घेतोयस, फक्त त्याची किंमत हळू कळते, मूळ एकदा पार बारीक झालं की औषध त्याला परत आणत नाही. पण टक्कल ही घाईची गोष्टही नाही, डॉक्टरांची दोन अपॉइंटमेंट होईपर्यंत काही डोकं रिकामं होत नाही. तीन वर्षं लागलीत इथवर यायला.

बाकीचं भराभर सांगतो कारण या विषयावर बाकीच्यांचीही पत्रं पडून आहेत. बायोटिनच्या गोळ्या: कमतरता नसेल तर केसांना उपयोग नाही, उलट रक्ताच्या थायरॉइड आणि हार्टच्या काही टेस्ट चुकवतात, घेत असाल तर टेस्टच्या आधी सांगा. फिनास्टेराइडचा स्प्रे "वरून लावायचं म्हणजे सेफ" म्हणून विकतात, पण ते कातडीतून रक्तात जातं, डीएचटी तिथेही उतरतं, फक्त कमी, आणि मिक्स करून बनवलेल्या अशा लोशनांबद्दल एफडीएने २०२५ मध्ये इशारा दिलाय कारण लोकांना गोळीसारखेच त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. ड्युटास्टेराइड ही त्याच जातीची दुसरी गोळी जास्त जोरदार, डीएचटी ९० टक्क्यांच्या वर उतरवते, पण शरीरातून जायला काही महिने लागतात, म्हणजे त्रास झाला तर तोही लवकर जात नाही, पहिल्याच फटक्यात तिच्याकडे जाऊ नका. चाळिशी-पन्नाशीतल्यांनी फिनास्टेराइड घेत असाल तर प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करताना सांगा, ती आकडा जवळपास निम्म्यावर आणते आणि रिपोर्ट खोटा चांगला दिसू शकतो. या गोळ्या घेताना रक्तदान करायचं असेल तर आधी विचारा, सोडून काही काळ जावा लागतो. जिममध्ये स्टेरॉइड घेऊन केसांची गोळी मागणाऱ्या त्या दोघांना काय लिहू, आधी ते इंजेक्शन बंद करा. आणि फिनास्टेराइड घेताना स्तनात गाठ किंवा दुखरेपणा आला तर लाजून गप्प बसू नका, दाखवा.

ट्रान्सप्लांटचा विषय तू काढला नाहीस ते बरं केलंस, अठ्ठावीस हे त्याचं वय नाही. मागचे केस पुढे लावले तरी मधले मूळचे गळायचे थांबत नाहीत, मग पुढे लावलेली झालर आणि मागे मैदान.

तुझा भाऊ म्हणतो तेही मी हसण्यावारी नेणार नाही. मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी मशीन फिरवलं, आणि पहिले पंधरा दिवस आरशात कोणी अनोळखी माणूस दात घासतोय असं वाटायचं, डोक्याला वारा लागतो हे पण मला तोवर माहीत नव्हतं. मग सवय झाली. पण वस्तरा "हरलो म्हणून" फिरवला तर टोचतो. औषध वर्षभर नीट वापरून बघितलं, नाही जमलं, किंवा मनाच्या कारणाने गोळी नकोच असं ठरलं, मग फिरवलास तर वेगळं वाटेल. आणि आजच फिरवलास आणि बरं वाटलं तर ड्रॉवरमधली पाकिटं मेडिकलवाल्याला परत दे, मला कळवायचीही गरज नाही.

पण डॉक्टरांकडे जायचंच, कारण ते डिप्रेशनचं वर्ष केस असले-नसले तरी तुझ्या फाइलमध्ये असायला हवं. तिथे गेल्यावर जीभ जड होईल, बाहेर दहा जण बसलेले असतील, डॉक्टर "बोला, फरक पडला का" विचारतील आणि तू "अजून सुरूच नाही केलं" म्हणून गप्प होशील. तसं झालं तर बोलूच नकोस. मोबाइल काढ, मला पाठवलेलं पत्र उघड, शेवटच्या ओळीवर आण आणि त्यांच्या टेबलावर ठेव.